ट्रॉली अडते ती जागा

दनुता, जेसीबीवाला येऊन गेला. तुझा तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो दारात हजर. दसऱ्याच्या आधी मीच त्याला सांगून ठेवलं होतं. मग घरात जे झालं त्या गडबडीत 'येऊ नको' म्हणून कळवायचं राहून गेलं. मी चहा गाळत होते, बाहेर ते पिवळं धूड घरघरत उभं राहिलं आणि त्यानं वरूनच आवाज दिला, "आक्का, बांधावरचा तेवढा चौथरा काढायचाय न्हवं?"

त्याला काय सांगितलं ते तुला ऐकायचं असेल, माहीत आहे. पण आधी आपलं भांडण पुरतं मांडू दे. ते अर्ध्यावर राहिलंय आणि मला अर्धवट कामं आवडत नाहीत, हे तुला कुणी सांगायला नको.

गावात अजून तुझा उल्लेख 'अविनाशची पोलंडची बायको' असाच होतो. मी मात्र तुला धाकटी जाऊ म्हणूनच ओळखलं. आमचे हे, म्हणजे अविनाशचे दादा, गेले आणि मळा माझ्या एकटीच्या अंगावर पडला, तेव्हा अविनाश तिकडची नोकरी सोडून परत आला. तू त्याच्याबरोबर आलीस. मी त्याला म्हणाले होते, "तिचं इथं कसं निभायचं? चार महिन्यांत निघून जाईल." हे तुला कुणी सांगितलं होतं का, ते विचारायचं राहिलं.

तू आलीस तो दिवस आठवतो. आत्याबाईंनी, आपल्या सासूबाईंनी, सून येणार म्हणून मळ्यातली पिवळीधमक शेवंती तोडून आणवली. दाराला तोरण, गाडीला माळा, तुझ्या गळ्यात हार. येरमाळ्याच्या आसपास शुभकार्याला शेवंती नाही तर दुसरं काय असणार? आमच्या रानात तीच पिकते. तू उंबऱ्याशी उभी राहिलीस आणि तुझा चेहरा पांढराफटक पडला. अविनाश खाली बघत होता. तू हार काढला नाहीस. आत आलीस, बसलीस, आणि हळूच त्याला काहीतरी विचारलंस. तो म्हणाला, "ती विचारतीय, ही फुलं दादासाठी आहेत का?"

"त्याच्यासाठी कशाला? हिच्यासाठी," आत्याबाई म्हणाल्या.

मग अविनाशनं सांगितलं की तिकडं शेवंती फक्त कबरीवर ठेवतात. घरात कुणी आणत नाही, कुणाला भेट देत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आता गं बया! म्हंजी आमी हिला आल्या आल्या पोचवलीच की!" सगळ्यात आधी तू हसलीस. तुला शब्द कळले नव्हते, पण आत्याबाईंच्या तोंडाकडे बघून हसलीस. तेव्हाच मला वाटलं, ही चार महिन्यांत जाणारी नाही.

शेवंती मात्र तू कधी घरात येऊ दिली नाहीस. रानात आमच्या बरोबरीनं तोडायचीस, क्रेट भरायचीस, तुळजापूरच्या व्यापाऱ्याशी भावावरून माझ्याहून जास्त घासाघीस करायचीस. पण देवघरात झेंडू. दसऱ्याला सुद्धा. मी म्हणायची, "फूल म्हणजे फूल. त्याला काय माहीत कुठं ठेवलंय?" तू म्हणायचीस, "त्येला न्हाय माहीत. मला माहीत हाय." तुझी मराठी आत्याबाईंच्या हाताखाली तयार झालेली. धाराशिवच्या बँकेतला साहेब तुझ्याशी इंग्रजीत बोलायला जायचा आणि तू त्याला "लई येळ लावला राव तुमी" म्हणायचीस, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

तुझे एकेक नेम. पाहुण्यांसाठी दाराशी घरात घालायच्या सपातांचे जोड ठेवलेले, लहान-मोठे, आणि उसाच्या टोळीतल्या बायका पाणी मागायला आल्या तरी त्यांच्यापुढं तू सपाता सरकवायचीस. रविवारी दुपारी कोंबडीचं पातळ सूप, मग कुणाचं लग्न असो की मोर्चा. काकड्या शेपूच्या काड्या घालून मिठाच्या पाण्यात आंबवायच्या; त्या बरण्या माझ्या स्वयंपाकघरातली एक अख्खी फळी खाऊन बसल्या, अजून बसल्यात. भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून ओठाला लावायचीस, मगच ताटात. आत्याबाईंना हे फार पटलं होतं. आणि उंबऱ्याच्या आत-बाहेर उभं राहून कुणाच्या हातात हात द्यायचा नाही, वस्तू द्यायची नाही, हे तुझ्या तोंडून ऐकल्यावर तर त्या मला म्हणाल्या, "ही तर आपल्यातलीच की गं. उगी लांबनं आली."

तुझी पहिली येळवस, मार्गशीर्ष अमावास्येचं ते रानातलं जेवण, तर सगळ्या गावाला माहीत आहे. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मडक्यात ज्वारीची आंबील, पसरट पातेल्यात शेंगा-पालेभाज्यांची भज्जी. रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी मोटरसायकलवाल्याला आत्याबाईंनी हाका मारमारून जेवायला बसवलं. तू कडब्याला हात लावून बघितलास. आंबील तोंडाला लावलीस आणि डोळे पुसायला लागलीस. मी म्हटलं, तिखट लागलं. अविनाशनं सांगितलं, नाताळच्या आदल्या संध्याकाळी तुमच्याकडं टेबलावरच्या कापडाखाली वाळलेलं गवत अंथरतात, पीठ आंबवून आंबट सूप करतात, आणि एक ताट जास्तीचं मांडतात, वाटसरू आला तर म्हणून.

"आणि येतो का कुणी?" मी विचारलं.

"न्हाय," तू म्हणालीस. "कुणीच न्हाय येत. हितं येतो!"

ते तू इतकं आनंदानं म्हणालीस की त्या मोटरसायकलवाल्यालाच लाजल्यासारखं झालं.

त्याच दिवसांत तुझी आई तिकडून पातळ, पांढरी, कागदासारखी पापडी पाठवायची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तू ती प्रत्येकाच्या हातात द्यायचीस, मग एकमेकांच्या पापडीचा तुकडा मोडून खायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून त्याच्यासाठी काहीतरी चांगलं मागायचं. आत्याबाईंना सहज जमायचं. त्या तुझ्या पाठीवरून हात फिरवत देवाची अर्धी यादी संपवायच्या. मला जमायचं नाही. अशी तोंडावर मागणी करायची आपल्याकडं सवय नाही. मी दर वर्षी एवढंच म्हणायची, "बरी राहा." तू हसायचीस आणि माझ्यासाठी लांबलचक काहीतरी तुझ्या भाषेत म्हणायचीस. ते काय असायचं, मी कधी विचारलं नाही. अविनाशला विचारता येईल. पण ते त्याच्या तोंडून ऐकायचं नाही मला.

आता बांधाकडं येते.

लिंबाच्या झाडाखालचा तो दगडी चौथरा आमच्या लग्नाआधीपासून तिथं आहे. वर दोन पावलं कोरलेली, झिजून बशीसारखी झालेली. कुणाची समाधी, कुणाला माहीत नाही. आत्याबाई म्हणतात, जमीन घेतली तेव्हापासून आहे, आधीच्या मालकाच्या घरातलं कुणीतरी असेल. आम्ही त्यावर फवारणीचा पंप ठेवायचो. कधी खताच्या गोण्या. नमस्कार तेवढा येताजाता, हात भरलेले नसले तर.

पहिल्याच वर्षी नोव्हेंबर लागायच्या आदल्या दिवशी तू अविनाशला घेऊन माझ्याकडं आलीस. तुमच्याकडं त्या दिवसांत सगळा गाव दफनभूमीत जातो, कबरी घासूनपुसून काढतो, काचेच्या भांड्यात मेणबत्त्या लावतो, हे त्यानं सांगितलं. मग तू विचारलंस, "दादाची जागा कुठंय?"

मी म्हटलं, "नाही जागा. गोदावरीत सोडलं."

तुला ते कळायला वेळ लागला. तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा चढ्या आवाजात. त्यांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी रानात गेले तर तू पंप खाली उतरवून ठेवलेला, गोण्या बाजूला रचलेल्या, आणि बादली, कुंचा घेऊन तो चौथरा घासत होतीस. आधी वरचा दगड, मग बाजू, मग कोरलेल्या पावलांच्या खाचा दात घासायच्या जुन्या ब्रशनं. संध्याकाळी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत मेणबत्त्या लावल्यास आणि मळ्यातली सगळ्यात टपोरी शेवंती आणून ठेवलीस. व्यापाऱ्याला द्यायची होती ती.

"कुणाच्या आहेत या?" मी बरण्यांकडं बोट दाखवलं.

"एक माझ्या बाबाची. एक दादाची." तिसऱ्या बरणीकडं बघून तू म्हणालीस, "आन् ही ह्येची. घर ह्येचं हाय न्हवं?"

ज्यांच्या कबरी लांब राहिल्या त्यांच्यासाठी तुमच्या दफनभूमीत एका मोठ्या क्रूसापाशी मेणबत्त्या लावतात, असं तू नंतर सांगितलंस. त्या अनोळखी माणसाला तू तेच काम लावलंस. दर वर्षी. मी विरोध केला नाही, पण कधी तुझ्याबरोबर आलेही नाही. लांबून, क्रेट मोजता मोजता, दिसायचं. त्यातली एक ज्योत ह्यांच्या नावाची असायची. ज्यांना तू कधी पाहिलंही नव्हतंस, त्यांच्यासाठी तू इतकी वर्षं ती लावलीस, त्याबद्दल मी तुला काही म्हणाले नाही. आता म्हणते. बरं केलंस.

पण त्या चौथऱ्यापाशी ट्रॉली वळत नाही, हे तर खरंच होतं. बांधाचा कोपरा तिथंच अरुंद, शेवंती भरलेली ट्रॉली रस्त्याला काढायची तर मागंपुढं, मागंपुढं. सीझनमध्ये तेवढ्यात फूल कोमेजतं. गेल्या वर्षी एक चाक बांधावरून घसरलं आणि अख्खा थर खाली सांडला. या पावसाळ्यानंतर मी ठरवलं, काढून टाकायचा. तुला सांगितलं तेव्हा तू काकड्या भरत होतीस. हात थांबले नाहीत तुझे.

"कुठं ठिवणार त्येला?"

"दगड आहेत. देवळापाशी नेऊन ठेवू. विधी करून नेऊ, आत्याबाईंना विचारून."

"आन् खाली जो हाय त्यो?"

"दनुता, माणूस गेल्यावर जागा कशाला लागते? मनात असलं म्हणजे झालं."

तू बरणीचं झाकण घट्ट केलंस. "मनात धूळ बसत न्हाय, आक्का. मग पुसायचं काय?"

"म्हणजे पुसायला काम पाहिजे म्हणून दगड ठेवायचा?"

"व्हय," तू म्हणालीस. एवढंच. जणू मी अगदी बरोबर बोलले होते.

मी चिडले. एखाद्यानं आपलंच वाक्य उचलून आपल्याच पुढ्यात ठेवावं, तसं झालं. मी म्हटलं, रोजचं पोट ट्रॉलीवर आहे, समाधीवर नाही. तू म्हणालीस, दसरा होऊ दे, फुलं निघू देत, मग निवांत बोलू. मी म्हटलं, बोलू, पण जेसीबी सांगून ठेवते. तू म्हणालीस, ठेव. त्यानंतर आपण त्यावर बोललो नाही. दोघींनाही आपणच जिंकणार याची खात्री होती, म्हणून कुणाला घाई नव्हती.

दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी तुझ्या छातीत जड वाटायला लागलं. मी पिकअप काढली. धाराशिवला नेऊ म्हटलं, उगीच वाट बघायला नको. अविनाश मागं बसला. गाडी फाटकापर्यंत गेली आणि तुला चष्म्याची आठवण झाली. अविनाश म्हणाला मी आणतो, तर तू स्वतःच उतरलीस. विसरलेल्या वस्तूसाठी परत फिरलं की घरात क्षणभर बसायचं, दहापर्यंत मोजायचं, मग निघायचं, हा तुझा आणखी एक नेम. मला माहीत होतं तू आत बसली असणार. मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. तू तुझ्या वेळेनं आलीस.

"झालं का मोजून?"

"झालं," म्हणालीस आणि दार ओढून घेतलंस.

तू नीट बसलीस, नीट मोजलंस, नेमात काही चुकलं नाही. तरी परत आली नाहीस. मला हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ज्या बाईला यात काही अर्थ वाटला असता ती तूच.

तुला निरोप दिला तेव्हा बायकांनी मळ्यातलीच शेवंती आणली. कुणाला काही सुचलं नाही, जे फुललेलं होतं ते तोडलं. आत्याबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता घाला. आता चालतंय तिला." तुझ्या हिशेबानं आमच्या हातून ते फूल पहिल्यांदाच योग्य वेळी तुझ्या गळ्यात पडलं.

आता जेसीबीचं. तो विचारत होता आणि मी चहाची गाळणी हातात धरून उभी होते. तुझ्या अस्थींचं गाठोडं तेव्हा त्याच लिंबाला टांगलेलं होतं. अविनाशला तिकडून तुझ्या आईचा फोन येत होता. रोज एकच प्रश्न, जागा कुठली? मी दिवा लावताना तिला कुठं बघू? अविनाश फोन कानापासून दूर धरायचा. तो माझ्याकडं बघायचा. मळा मी चालवते, म्हणून हेही मीच ठरवावं असं त्याला वाटत असावं.

मी जेसीबीवाल्याला म्हटलं, "चौथरा राहू दे."

"आन् ट्रॉली? गेल्या साली चाक घसारलं म्हून तुमीच बोंबलत हुता."

"वळेल कशीतरी. तू आलायस तर नाल्यातला गाळ काढ. फेरी फुकट जायला नको."

आत्याबाई ओसरीवरून ऐकत होत्या. नंतर जेवायला मला वाढताना त्यांच्या हातून भाकरीवर तुपाचा गोळा जरा मोठा पडला.

अर्ध्या अस्थी अविनाश गोदावरीला घेऊन गेला. अर्ध्या चौथऱ्याला लागून. खड्डा खुरप्यानं मीच काढला; अविनाशचे हात चालत नव्हते. भटजींना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं.

मग नोव्हेंबर लागला. तुझा कुंचा सिंकखाली सापडला, जुना ब्रश बादलीतच. मी तुझ्या पद्धतीनं केलं. आधी वरून, मग बाजू, मग खाचा. पावलांमध्ये वर्षभरात केवढी माती बसते, मला कल्पना नव्हती. पाणी तीनदा बदलावं लागलं. गुडघे दुखले. मध्येच लक्षात आलं की तासभर मी रडलेही नव्हते आणि दुसरं काही आठवतही नव्हते, फक्त तुझाच विचार चालला होता, अगदी शांतपणे, जसा शेंगा फोडताना चालतो. तुझं ते 'पुसायचं काय' तेव्हा मला कळलं. पटलं असं अजून म्हणत नाही.

संध्याकाळी बरण्या मांडल्या. पहिली घरमालकाची. मग तुझ्या बाबांची. तुझी अविनाशनं लावली. ह्यांची मी लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या हातानं. काडी दोनदा विझली. मी वाऱ्याला शिव्या घातल्या.

अविनाशनं फोन लावून तुझ्या आईला दाखवलं. तिकडं अजून दुपार होती. त्या तुझ्या बाबांच्या कबरीपाशी उभ्या होत्या, लांब कोट, डोक्याला रुमाल, भोवती शेवंतीच्या कुंड्याच कुंड्या. आमच्या मागंही शेवंतीच, दूरपर्यंत. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग काहीतरी विचारलं.

"शेजारी कोण आहे, म्हणतायत," अविनाश म्हणाला.

"माहीत नाही म्हणावं."

त्यानं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, काळजीनं.

"त्याच्यासाठी लावलीत ना, म्हणतायत."

"सगळ्यात आधी त्याचीच लावली, म्हणावं."

त्यांनी मान हलवली. हातातला दिवा तुझ्या बाबांच्या दगडावर ठेवला आणि माझ्याकडं बघून लांबलचक काहीतरी बोलल्या. तू नाताळात बोलायचीस तसंच वाटलं, तसाच सूर. अविनाश सांगायला लागला, मी त्याला थांबवलं. मी त्यांना म्हटलं, "बऱ्या राहा." एवढंच मला येतं.

दिवाळीचा माल कालपासून निघायला लागलाय. ट्रॉली तिथंच अडते, दनुता. तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. चाक दगडापासून वीतभर राहतं, मग ट्रॅक्टर बंद करायचा, खाली उतरायचं, मागं जाऊन बघायचं, पुन्हा चढायचं. आजही तेच. उद्याही तेच होणार. आता उतरलेच आहे म्हटल्यावर पदरानं वरची माती पुसून घेते.